अंजूरच्या केसरीनाथचा उंचवटा

अंजूर गावातला पहिला एम.एस्सी. म्हणजे केसरीनाथ. पहिला असणं ही काही सुखाची गोष्ट नाही. गावातल्या दुसऱ्या एम.एस्सी.नं पुढे रेतीचा धंदा धरला तरी कोणाला काही वाटलं नाही, पण केसरीनाथ नुसता घाम पुसत रस्त्यानं चालला तरी लोक म्हणत, शिकलेला माणूस आहे, काहीतरी विचारात असेल. बाप लवकर गेला. आई जानकीबाई भात लावून आणि खाडीतली कोळंबी भिवंडीच्या बाजारात विकून त्याला शिकवत राहिली. १९८४ साली भिवंडीच्या एका कॉलेजात तो फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागला, म्हणजे मुलांकडून लंबकाचे झोके मोजून घ्यायचे आणि भिंगांवरची धूळ पुसायची. स्वभावानं गरीब. मोठ्या माणसानं काहीही विचारलं की तोंडातून आधी 'हो' बाहेर पडायचं आणि प्रश्न काय होता ते मागाहून कळायचं. या सवयीला आपल्याकडे संस्कार म्हणतात आणि तिचं कौतुकही करतात.

चिंतामणी सर भिवंडीच्या ब्राह्मण आळीत राहायचे. मुंबईच्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन ते आपल्या गावी परतले होते, डोळ्यांत मोतीबिंदू आणि डोक्यात प्रोटॉन घेऊन. भिवंडीत प्रोटॉनबद्दल बोलायला माणूस मिळणं कठीण. केसरीनाथ एकदा कॉलेजच्या एका समारंभाचं आमंत्रण द्यायला त्यांच्याकडे गेला आणि तीन तासांनी बाहेर आला, तो त्यांचा विद्यार्थी होऊनच. पीएच.डी.साठी त्याचं नाव नोंदवून झालं तेव्हा सर चौसष्ट वर्षांचे होते आणि तो एकतीस.

"प्रोटॉन म्हणजे एक घर समज," सर सांगायचे. "तीन क्वार्क हे घरातले कायमचे. पण घर कधी तेवढ्यावर भागत नाही. पाहुणे जोडीनं येतात, क्षणभर टेकतात, जोडीनंच नाहीसे होतात. त्यांत एक स्ट्रेंज नावाचा क्वार्क आहे आणि एक त्याचा उलटा जोडीदार. सगळे म्हणतात, दोघं सारखेच वागतात. मी म्हणतो, नाही. एक ओटीवर बसतो आणि दुसरा माजघरात जातो."

हे खरं असेल तर प्रोटॉनवर वेगवान इलेक्ट्रॉन आपटल्यावर जे कण बाहेर उडतात, त्यांतल्या के-मेसॉनांच्या मोजणीच्या आलेखात एका ठिकाणी लहानसा उंचवटा यायला हवा, असं सरांचं गणित सांगत होतं. पण तो दिसण्याइतका मोठा असेल का? आपटण्याची यंत्रं परदेशात, मैल-मैल लांबीची. इथे करता येते ती खोटी टक्कर. संगणकात सरांचं सूत्र घालायचं, फासे टाकायचे, आणि दर डावाला एक टक्कर झाली असं मानून काय काय उडालं ते लिहून ठेवायचं. हजार टकरींनी काही कळत नाही. आलेख खडबडीत येतो, खरे चढउतार आणि नुसत्या फाशांचे चढउतार एकमेकांत मिसळलेले असतात. टकरी वाढवत गेलं की फाशांचे चढउतार आपसांत मिटतात आणि खरं असेल तेवढंच उरतं. साऱ्या जगातले शास्त्रज्ञ या रीतीनं काम करतात आणि रीत चांगलीच आहे.

१९९१ साली कॉलेजात पहिला संगणक आला. प्राचार्यांनी त्याला देव्हाऱ्याचा मान दिला. मागच्या बाजूची एक खोली, खिडकीला पडदा, आत जाताना चपला बाहेर. किल्ली केसरीनाथकडे. सहा महिने खपून त्यानं प्रोग्रॅम लिहिला, सरांनी ओळ न् ओळ वाचून घेतली आणि टकरी सुरू झाल्या.

अडचण एकच होती, लाइटची. आठवड्यातून चार-पाच वेळा ती जायची. शिवाय खोलीच्या भिंतीला लागूनच लूमचे कारखाने. शिफ्ट बदलून सगळे माग एकदम सुरू झाले की कधीकधी विजेचा दाब इतका उतरायचा की संगणक बंद पडून पुन्हा उघडायचा. केसरीनाथनं यावर तोड काढली. लाइट आली की प्रोग्रॅम आपला आपण सुरू होईल आणि नव्या टकरी त्याच फायलीत जुन्यांच्या खाली लिहिल्या जातील, अशी व्यवस्था त्यानं करून ठेवली. भिवंडीत वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. लाइट गेली की माग जिथल्या तिथे थांबतो, आली की पुढचा धागा घालतो. विणलेलं उसवत नाही आणि कोणी पहिल्यापासून विणतही नाही. भिंतीपलीकडे हेच रात्रंदिवस चाललेलं असताना अलीकडचं यंत्र काही वेगळं करत असेल, हे त्याच्या मनात आलं नाही. या तोडीचा त्याला अभिमान वाटायचा. तो तास घेत असायचा, जेवत असायचा, अंजुरात झोपलेला असायचा, आणि टकरी चालू असायच्या.

तीन महिन्यांत तीन लाख टकरी झाल्या. आलेख छापून निघाला आणि त्यात उंचवटा होता, सरांनी सांगितला होता तिथेच, चांगला ठसठशीत. मोतीबिंदूमुळे सरांना कागद डोळ्यांशी धरावा लागला. मग त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "फासे नीट पडलेत ना?" त्यांनी विचारलं. "दर वेळी सुरुवातीचा आकडा बदललास ना?"

"हो सर," केसरीनाथ म्हणाला.

सरांनी निबंध लिहिला. परदेशातल्या एका मासिकानं तो १९९३ मध्ये छापला. त्याच्या प्रती पोस्टानं आल्या आणि तीन आठवड्यांनी सर गेले. समाधानानं गेले, असं सगळे म्हणाले. पुढच्या वर्षी केसरीनाथला डॉक्टरेट मिळाली, तो लेक्चरर झाला, आणि अंजूरच्या शाळेच्या पटांगणात शाल-श्रीफळ देऊन त्याचा सत्कार झाला. त्या दिवशी जानकीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "माज्या केसानं असं काय शोधलंय, जे कोनाच्या डोल्यांना दिसत न्हाय." लोक हसले. तोही हसला.

त्याच वर्षी दिवाळीनंतर नागपुरातून एक पत्र आलं. लिहिणारी विद्युल्लता नावाची संशोधक विद्यार्थिनी होती. तिनं सरांचंच सूत्र घेऊन, आपला वेगळा प्रोग्रॅम लिहून, विद्यापीठाच्या मोठ्या यंत्रावर चार लाख टकरी केल्या होत्या. 'आपला उंचवटा मला सापडत नाही,' तिनं लिहिलं होतं. 'फरक आहे, पण तो इतका बारीक आहे की चढउतारांत बुडून जातो. चूक माझीच असणार. कृपया मार्गदर्शन करावं.'

अक्षर मोठं नेटकं होतं. केसरीनाथ मागच्या खोलीत गेला आणि दोन वर्षांनी त्यानं तीन लाख टकरींची वेगळी काढून ठेवलेली फाइल उघडली.

संगणकाचे फासे खरे फासे नसतात. सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो आणि त्यातून यंत्र पुढचे आकडे काढत जातं. ते बेभरवशाचे दिसतात, पण सुरुवात तीच ठेवली तर साखळीही तीच येते, शेवटपर्यंत. केसरीनाथनं तो आकडा प्रोग्रॅममध्ये एकदाच लिहिला होता. म्हणजे दर वेळी लाइट गेली आणि आली की यंत्र पुढे गेलं नव्हतं. ते मागे, पहिल्या टकरीवर गेलं होतं. तोच इलेक्ट्रॉन, तोच प्रोटॉन, तेच अकरा कण. फायलीत त्यानं ती पहिली ओळ शोधली. एकसष्ट ठिकाणी सापडली. तीन लाख टकरी नव्हत्याच. जेमतेम नऊ-दहा हजार होत्या, पुन्हा पुन्हा लिहिलेल्या. फाशांचे चढउतार मिटायचे ते मिटले नव्हते, कारण ते दर वेळी तेच होते. एकाच माणसाची साक्ष एकसष्ट वेळा घ्यावी आणि एकसष्ट साक्षीदार मिळाले म्हणून निकाल द्यावा, असा प्रकार. आणि सरांनी नेमकं हेच विचारलं होतं.

चूक कोणाच्याही हातून होते, हे त्यालाही कळत होतं. चार ओळींचं पत्र मासिकाला, चार ओळींचं नागपूरला, आणि प्रकरण संपलं असतं. पण सर आता उत्तर द्यायला नव्हते. त्यांच्या नावावर शेवटचा निबंध तो होता. शाल कपाटात होती. लेक्चररची जागा त्या डॉक्टरेटवर मिळालेली होती. आणि आई. आईला काय सांगायचं, की जे दिसत नाही ते खरंच नाहीये?

त्यानं उत्तर दिलं नाही.

खाडीकाठच्या गावांत एक पाळतात. खाडीवर एकटं असताना कोणी नावानं हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. भूत एकदाच हाक मारतं, फार तर दोनदा. माणूस असेल तर तिसऱ्यांदा मारतो. लहानपणी आईनं शिकवलेलं हे केसरीनाथनं चाळिशीला टेकताना स्वतःच्या सोयीसाठी वापरलं. पहिलं पत्र ड्रॉवरमध्ये गेलं. फेब्रुवारीत दुसरं आलं, तेही गेलं. तिनं टकरी आठ लाखांवर नेल्या होत्या.

तो बिघडत चालला. जुना प्रोग्रॅम पुसायला त्याचा हात धजेना. पुसणं म्हणजे पुरावा नष्ट करणं, आणि तेवढं पाप आपण केलेलं नाही, असं तो स्वतःला सांगायचा. त्यामुळे ती व्यवस्था तशीच राहिली. शिकवताना लाइट जायची, पंखे थांबायचे. लाइट यायची, पोरं ओरडायची, आणि केसरीनाथचं वाक्य अर्ध्यावर तुटायचं. मागच्या खोलीत आता पहिली टक्कर सुरू झाली असणार. अकरा कण, त्यातला चौथा के-मेसॉन. त्या ओळीतले आकडे त्याला पाठ झाले होते आणि ते फळ्यावर भलतीकडेच लिहिले जायचे. घरी जेवताना दिवे आले तरी त्याचा घास हातात राहायचा. जानकीबाई हे बघायची. "केसा, तुला खाडीवर कोनी हाक मारली काय रं?" तिनं एकदा विचारलं. "खरं सांग. तू ओ दिलीस?"

"नाही गं," तो म्हणाला.

"मंग असा काय करतस? जेवत न्हाय, बोलत न्हाय." तिनं त्याला गणेशपुरीला नेलं, गरम पाण्याच्या कुंडात आंघोळ घातली, अंगारा लावला. दुसरी कोणती दवा तिला माहीत नव्हती.

जूनमध्ये तिसरं पत्र आलं. 'सर, माझे गाईड विचारतात की भिवंडीत एका लहानशा संगणकावर जे दिसतं ते मला इथे का दिसत नाही. माझ्याकडे उत्तर नाही. मी बारा लाख टकरी केल्या. तुम्ही दोन शब्द लिहिलेत तर मोठा आधार होईल.'

म्हणजे माणूसच होता. तिसऱ्या हाकेला ओ द्यावीच लागते. केसरीनाथनं आठ दिवस कागद पुढे ठेवला, आणि आठव्या दिवशी जे लिहिलं त्याची लाज त्याला जन्मभर पुरणार होती. त्यानं लिहिलं, 'आपल्या निवडीत काही के-मेसॉन गळत असावेत. उंचवटा निश्चित आहे. धीर न सोडता पुन्हा तपासावं.' खाली सही, सहीखाली डॉक्टर. पत्र पेटीत टाकताना त्याला वाटलं होतं की आता ती नाद सोडेल.

दीड वर्ष काही आलं नाही. मग १९९६ च्या डिसेंबरात एक जाड पाकीट आलं. आत छापील निबंध, वर त्याच नेटक्या अक्षरात एक ओळ: 'सर, सापडला.' आलेखात उंचवटा होता, तिथेच. निबंधाच्या शेवटी आभार, त्यात त्याचं नाव.

केसरीनाथ हादरला. पकडलं जाण्याची भीती त्यानं पचवली होती, ही भीती वेगळी होती. जे नव्हतंच, जे भिवंडीच्या लाइटनं आणि त्याच्या मूर्खपणानं रचलं होतं, ते आठशे किलोमीटरवर दुसऱ्या माणसाला दिसलं कसं? त्यानं प्रोग्रॅम दुरुस्त केला, दर वेळी नवा आकडा घातला आणि सगळं पहिल्यापासून केलं. उंचवटा आला नाही. पुन्हा केलं. नाही आला. त्याला कधी वाटायचं की सर बरोबर होते आणि आपली चूकच चुकीची होती. कधी वाटायचं की आपण एक खोटी गोष्ट नाव देऊन जगात सोडली आणि ती आता स्वतःच्या पायांनी चालते आहे. पुढच्या वर्षी परदेशातल्या एका निबंधात ओळ आली: हा परिणाम दोन स्वतंत्र ठिकाणी दिसलेला आहे. दोन आणि स्वतंत्र, हे दोन शब्द त्यानं कितीदा वाचले असतील याला गणती नाही.

१९९८ च्या नोव्हेंबरात विद्युल्लता स्वतः आली. मुंबईला कसल्याशा कोर्ससाठी निघाली होती, कल्याणला उतरून एस.टी.नं भिवंडीला आली आणि विचारत विचारत कॉलेजात पोचली. तीस-बत्तीसची, सुती साडी, डोळ्यांखाली काळं. शिपायानं येऊन केसरीनाथला तिचं नाव सांगितलं. आपलं बिंग फुटलं, हीच पहिली समजूत. त्यानं तिला मागच्या खोलीत नेलं, चहा सांगितला.

भिंतीपलीकडे माग धडाडत होते. इथल्या माणसाला ते ऐकू येत नाहीत, पण तिला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि जे ती बोलायला आली होती ते मोठ्यानं बोलणं फार कठीण होतं.

"सर, मी तुमची माफी मागायला आले," ती म्हणाली.

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"तो उंचवटा मला कधीच सापडला नाही," ती खाली बघत म्हणाली. "तुमचं पत्र आलं, की तो निश्चित आहे. गाईड म्हणाले, मग माझ्याच कामात खोट आहे, स्कॉलरशिप पुढे चालू ठेवता येणार नाही. मी बारा लाखांचे साठ गठ्ठे केले. ज्यांत थोडासा चढ दिसत होता ते ठेवले. बाकीचे टाकून दिले. खोटा आकडा एकही लिहिला नाही सर, नुसते गाळले. तुम्हाला दिसलाय म्हणजे तो आहेच, मग मी कसा का दाखवेना, असं मनाला समजावलं. दोन वर्षं झाली, मला झोप नाही. तुमच्या खऱ्या कामाला माझं खोटं काम चिकटलंय. कोणाला तरी सांगायला हवं होतं, आणि ते तुम्हालाच, असं वाटलं."

चहा आला. पोऱ्या कप ठेवून गेला. केसरीनाथला त्या क्षणी जे वाटलं ते सांगायला नको खरं तर, पण सांगतो. त्याला सुटल्यासारखं वाटलं. भूत नव्हतं. चालती झालेली गोष्ट नव्हती. त्याच्या पत्राला घाबरलेली एक मुलगी होती. आणि दुसऱ्याच क्षणाला हेच त्याला असह्य झालं.

त्यानं सांगितलं. लाइट, सुरुवातीचा आकडा, एकसष्ट ओळी, सगळं. मागांच्या आवाजामुळे त्यालाही मोठ्यानं सांगावं लागलं.

"तुम्हाला कधी कळलं?" तिनं विचारलं.

"तुमचं पहिलं पत्र आलं, त्याच दिवशी."

"आणि तरी ते पत्र लिहिलंत."

"हो."

"म्हणजे माझं बरोबर होतं," ती म्हणाली. "चार लाखांपासून. पहिल्यापासून माझंच बरोबर होतं." आणि मग तिला रडू फुटलं. फसवलं म्हणून ती रडत नव्हती, हे केसरीनाथला कळलं. आयुष्यात एकदा खरं हाताला लागलं होतं आणि ते तिनं स्वतःच्या हातानं टाकून दिलं होतं, म्हणून ती रडत होती. तोही रडला. दोन शिकलेली माणसं, चहा निवतोय.

"मी आजच मासिकाला लिहितो," केसरीनाथ म्हणाला. चार वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि ते अगदी मनापासून होतं. "सगळा दोष माझा. सरांचा नाही, तुमचा नाही. जागा गेली तरी चालेल. आईला मी सांगेन."

विद्युल्लतानं पदरानं डोळे पुसले. "आणि तुमचा उंचवटा खोटा ठरला, तर मला कसा सापडला, हे कोणी विचारणार नाही?"

केसरीनाथनं कागद ओढायला लांबवलेला हात मागे घेतला.

"गेल्या जूनमध्ये माझी नोकरी कायम झाली," ती म्हणाली. "मुलगी दोन वर्षांची आहे. घरात कमावणारी मी एकटी. तुम्ही चूक केली असं म्हणतील, सर, लाइटची भानगड ऐकून हसतीलही. मी चोरी केली असं म्हणतील."

"पण मग हे असंच..."

"चार वर्षं तुम्ही स्वतःसाठी गप्प राहिलात," ती उठत म्हणाली. "आता माझ्यासाठी राहा."

केसरीनाथनं होकाराची मान हलवली. मग पायांत चपला सरकवून, कल्याणची एस.टी. कुठून सुटते ते दाखवायला तो तिच्याबरोबर फाटकापर्यंत गेला.